मशीन बंद, माणूस चालू

सौदीतल्या अल-खोबरच्या त्या मोठ्या दुकानात सहा मशीन होती. गिऱ्हाइकाने आपला माल आपणच मशीनला दाखवायचा, आपणच कार्ड लावायचं आणि चालू पडायचं. माणूस लागू नये म्हणून ती आणली, आणि ती अडली की सोडवायला म्हणून एक माणूस ठेवावा लागला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. तो माणूस म्हणजे हर्णैचा मोहियुद्दीन परकार. मशीन रुसलं की तो गळ्यातलं कार्ड टेकवायचा, मशीन चालू व्हायचं, आणि हा पुन्हा आपल्या जागेवर उभा. अशी सात वर्षं गेली. ड्यूटी सुटली की गुडघ्याखालचे पाय आपले की परक्याचे, हे त्याला कळत नसे. आधी ते दुखत, मग दुखेनासे झाले. त्याला तेच बरं वाटलं.

गावात मात्र तो कॅशियर होता. पहिल्या वर्षी त्याने फोनवर "मी कॅशच्या बाजूलाच असतो," एवढंच सांगितलं होतं. बायकोने, शरीफाने, त्याचा कॅशियर केला आणि तिच्या भावाने, हाशिरने, हेड कॅशियर. पराचा कावळा करायला गावाला कुणी शिकवावं लागत नाही. मोहियुद्दीनने ते खोडून काढलं नाही. मुलीच्या, मेहेकच्या, कॉलेजच्या फॉर्मवरही तेच लिहिलं गेलं, तेव्हाही तो गप्प बसला.

सोमवारी मॅनेजर फहादने त्याला खोलीत बोलावून चहा पाजला. फहाद माणूस वाईट नव्हता, पण त्याने चहा मागवला की बातमी वाईट असते, हे सगळ्या दुकानाला ठाऊक होतं. लोक महागातला अजवा खजूर वजनाला ठेवत आणि पडद्यावर स्वस्तातल्या खजुराचं चित्र दाबत. माल जात होता आणि पैसा येत नव्हता. म्हणून आता चार मशीन बंद. उरलेल्या दोन मशीनवर एका वेळी दहाच वस्तू, आणि काउंटर पुन्हा सुरू.

"कायद्याने काउंटरवर सौदीच बसणार, तुला माहीत आहे," फहाद म्हणाला. "तुझं इथलं काम खलास. बुरैद्याच्या गोदामात खजूर भरायला माणूस हवाय. तिकडे जा, नाहीतर फायनल एक्झिट घेऊन कायमचा घरी जा. गुरुवारी दुपारपर्यंत सांग."

मोहियुद्दीनला काही वाटलं नाही. राग यायला हवा होता, गेलाबाजार भीती तरी. तीन दिवस तो स्वतःला चाचपत राहिला. शेवटी एकच गोष्ट हाताला लागली. कुणीतरी आपल्याला म्हणावं, पुरे झालं, या आता घरी. स्वतःहून हे म्हणायची त्याची छाती नव्हती. आणि कुणीतरी म्हणजे शरीफाच, दुसरं कोण म्हणणार?

बुधवारी तिचाच फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"हाशिरला त्याचा तिकडचा दोस्त सांगत व्हता, तुमच्याकडं मशीनी बंद केल्यानी! मशीन बंद, माणूस चालू! आता तरी तुमची कदर होयल. उद्या व्हिडिओ लावते, तुमचा काउंटर दाखवा. मेहेकला बगायचाय."

तो "बघू" म्हणाला. "बघू" म्हणजे नाही, हे तिला इतक्या वर्षांत कधी समजलं नव्हतं.

नव्या काउंटरवर अनूद नावाची सौदी मुलगी आली होती. तीन दिवस तो तिच्या बाजूला उभा राहून तिला काम शिकवत होता. ती त्याला अम्मो, म्हणजे काका म्हणे. गुरुवारी दुपारी ती नमाजाला गेली. "अम्मो, दोन मिनिटं लक्ष ठेव." ती वळली आणि त्याचा फोन वाजला. काय मनात आलं कोण जाणे, तो सरळ तिच्या खुर्चीत बसला आणि फोन समोर धरला.

पडद्यावर अख्खं घर जमलं होतं. शेजारची सफूराचाचीसुद्धा. "अब्बा, एकदम बॉस दिसताय!" मेहेक ओरडली. शरीफा नुसती बघत होती. तिचा चेहरा एवढा फुललेला त्याने लग्नानंतर पाहिला नव्हता.

"अम्मो, ऊठ लवकर!" अनूद धावत आली. "कामगार खात्याचे तपासणीवाले आलेत."

तो ताडकन उठला. अनूद खुर्चीत बसली. फोन हातात तसाच चालू होता.

"ती कोण?" शरीफाने विचारलं.

"कॅशियर."

"आन तुमी?"

तो फोन घेऊन मागे, पाण्याच्या बाटल्यांच्या थप्पीपाशी गेला. शरीफाही लोकांतून उठून परसात आली. मग त्याने सांगून टाकलं. "मी हितं मशीनींजवळ उभा असतो. सात वर्षं. आता ता काम पण संपला. बुरैद्याच्या गोदामात जा, नाहीतर घरी जा म्हणतायत. आज सांगायचाय."

एवढं बोलून तो थांबला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी हललं. आता ती म्हणेल, या घरी.

शरीफाचे डोळे भरून आले होते. ती मागे वळून घराकडे बघत राहिली, जिथे मेहेक अजून सफूराचाचीला काहीतरी हसून सांगत होती. मग तिने ओढणीने डोळे पुसले.

"सात वर्षं उभे व्हतात?" ती म्हणाली. "कधी बोललात नाय." मग म्हणाली, "बुरैद्याला बसून काम हाय ना?"

त्याला काहीच माहीत नव्हतं.

"हाय," तो म्हणाला.

"मग बरा झाला," ती म्हणाली. "जेवलात काय?"

तो हो म्हणाला, आणि फहादला बुरैदा सांगायला गेला.