काजळीनं शेपूट हलवलं नाही

घाबरू नका मित्रांनो, मी चावत नाही. खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा मीच जास्त घाबरले आहे. तुम्ही जरा लांबच बसा, हात मला दिसतील असे ठेवा आणि कुणी मध्येच ताडकन उठू नका. मग सांगते.

मी एक जुनी कुत्री आहे, या विद्यापीठाच्या मागच्या फाटकावरची. डोळ्यांभोवती काळी कड आहे, म्हणून सगळे मला काजळी म्हणतात. मुलींच्या वसतिगृहामागे पाण्याच्या मोटारीची खोली आहे, तिथं माझा जन्म झाला. मोटार सुरू झाली की भिंती थरथरायच्या आणि आम्ही पिल्लं आईच्या पोटाखाली घुसायचो. तेव्हापासून जी घाबरगुंडी उडाली आहे, ती आजतागायत. आईनं आम्हाला एकच धडा दिला. माणूस खाली वाकला की पळायचं, कारण तो वाकतो तो दगड उचलायलाच. हा धडा मी कधी विसरले नाही, म्हणून तर एवढी म्हातारी झाले. तुमच्या भाषेत आमच्यावर म्हणी ढीगभर आहेत. भीक नको पण कुत्रा आवर म्हणता, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच म्हणता. एकीत तरी चार कौतुकाचे शब्द आहेत का? जाऊ दे, म्हातारपणी कशाला तोंड वाईट करून घ्या.

तरणी होते तेव्हा मी कामही करायचे बरं का. संध्याकाळी वाचनालय सुटलं की मुली वसतिगृहाकडे निघायच्या. वाटेत दिवे कमी आणि झाडी फार. मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत जायचे. "काजळी सोबत असली की कसा धीर येतो," असं त्या म्हणायच्या. त्यांना काय ठाऊक, त्या झाडीला भिऊन माझीच पाचावर धारण बसायची आणि मी त्यांच्या पायात पाय घालून चालायचे ती त्यासाठीच. पण कौतुक कुणाला नको असतं? फाटकावरचे वॉचमनमामासुद्धा म्हणायचे, "पगार मी घेतो, राखण ही करते." माझा भाऊ पिवळ्या मात्र कामाचा ना धामाचा. मोठ्या इमारतीच्या पायऱ्यांवर पाय पसरून दिवसभर घोरायचा.

याच दिवसांत ती मुलगी आली. ती चालताना सारखं काहीतरी पाठ करत पुटपुटायची, म्हणून मैत्रिणींनी तिचं नाव पुटपुटी ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी ती माझ्यासमोर आली आणि खाली वाकली. मला पळता भुई थोडी झाली! झुडपाआडून बघते तर काय, तिनं खरंच दगड उचलला होता. उलटासुलटा केला, डोळ्याजवळ नेला आणि जीभ काढून चाटला. दगड चाटणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हटलं, ही तर आपल्यातलीच दिसते.

नंतर कळलं की ती दगडांचंच शिक्षण घेत होती. ओला दगड नीट दिसतो म्हणे. पृथ्वीच्या पोटातले दगड, डोंगरातले दगड, ती सगळं मला सांगायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण सांगताना ती पावाचे तुकडे करून द्यायची आणि माझ्या कानामागे खाजवायची. तिथं माझा पाय पोचत नाही. तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी माझं शेपूट हलायचं, जमिनीवर फटाफट आपटायचं, धूळ उडायची. मी त्याला सांगत नव्हते. ते माझं ऐकतच नाही.

एकदा ती कानामागे खाजवता खाजवता थांबली. म्हणाली, "काजळे, मला इथून जायचं नाही गं. बाबांनी बजावून पाठवलंय. एक जरी तक्रार घरी आली, तर शिक्षण बास, गाशा गुंडाळायचा आणि परत यायचं." तिच्या हाताला घाम आला होता. भीतीच्या घामाचा वास वेगळा असतो, मित्रांनो. तुम्हाला येत नाही, आम्हाला येतो.

आता नोटिशीचं सांगते. मला वाचता येत नाही, पण नोटीस लागलेली मला कळते. शिपाईदादा काचेच्या फलकात कागद लावून जातो. मुलं थांबतात, माना वर करून बघतात, आणि परत फिरतात तेव्हा त्यांची चाल बदललेली असते. एक कागद लागला आणि हिरवळीवर बसणं बंद झालं. दुसरा लागला आणि जिन्यात मोठ्यानं हसणं बंद झालं. मी आपली लांबून बघायचे आणि म्हणायचे, बरं झालं बाई, आपण विद्यार्थी नाही.

मग पिवळ्यानं घोळ घातला. म्हणजे त्यानं केलं काहीच नाही, नेहमीसारखा पायऱ्यांवर झोपला होता. इतिहास शिकवणाऱ्या वयस्कर बाई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उतरत होत्या. त्यांना तो दिसला नाही. त्या पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. वाईटच झालं ते, मी नाही म्हणत नाही. पण त्या दुपारी फलकात कागद लागला आणि भोंग्यावरूनही सांगितलं गेलं, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. "सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, विद्यापीठाच्या आवारातील भटक्या कुत्र्यांना खाद्यपदार्थ देणे हे गैरवर्तन समजण्यात येईल. तसे आढळल्यास संबंधितास वसतिगृहातून काढून टाकण्यात येईल."

मला त्यातलं "कुत्र्यांना" तेवढं कळलं. बाकीचं मुलींच्या हातांनी कळवलं. काल जे हात पुढे येत होते, ते आज खिशात गेले. मी जवळ गेले की मुली घाईघाईनं म्हणायच्या, "हाड! हाड गं, जा ना, कुणीतरी बघेल." त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, भ्यालेला होता. मग कुत्री धरून नेणारी जाळीची गाडी आली. पिवळ्या झोपलेलाच होता. तारेचा फास गळ्यात पडला तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. मी पुटपुटीच्या विभागाच्या दगडांच्या कोठारामागे, फुटक्या पेट्यांच्या खाली अंग चोरून पडले होते. त्याची किंकाळी ऐकली, पण बाहेर आले नाही. पिवळ्या पुन्हा दिसला नाही.

पुटपुटीनं मला त्या पेट्यांखाली शोधून काढलं. रोज ती दगडांचे नमुने ठेवायच्या निमित्तानं यायची, इकडेतिकडे बघायची आणि एका वाडग्यात दूध-पाव ठेवायची. आता ती पाठ केलेलं म्हणायची नाही. नुसती कान टवकारून बसायची, अगदी माझ्यासारखी. मी खायचे तेही भीतभीतच. दूध गोड लागायचं नाही बघा तेव्हा.

आणि एके दिवशी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना तो वाडगा सापडला. कुणीतरी चुगली केली असणार. कोठाराकडे जाणाऱ्या मुलींमध्ये पुटपुटीचं नाव पहिलं. शिस्तपालन समितीसमोर चौकशी लागली. समितीचे अध्यक्ष म्हणजे ते ताठ चालणारे सर, मुलं पाठीमागे त्यांना पट्टीसर म्हणायची. पुटपुटीनं सांगितलं, वाडगा माझा नाही, मी त्या कुत्रीला ओळखत नाही. पुरावा तर काहीच नव्हता. तेव्हा पट्टीसरांनी डोकं चालवलं. म्हणाले, "माणसं खोटं बोलतात. कुत्र्याचं शेपूट खोटं बोलत नाही. आणा त्या कुत्रीला."

हे सगळं मला वॉचमनमामांनी सांगितलं. त्यांनीच माझ्या गळ्यात दोरी बांधली. मला ओढत नेताना ते हळूच म्हणाले, "काजळे, ती आत उभी आहे. तू तिच्याकडे गेलीस ना, तर पोरीचं वाटोळं झालं म्हणून समज. तुला काय सांगायचं आणि कसं सांगायचं, देवालाच ठाऊक."

मी त्या इमारतीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. फरशी गुळगुळीत, पाय घसरत होते. खोलीत मोठं टेबल होतं आणि जाड गालिचा. टेबलाच्या पलीकडे पट्टीसर आणि रेक्टरबाई. अलीकडे ती. पाव, दगडाची धूळ आणि तो घाम, तिचा सगळा वास एकदम नाकात शिरला. माझ्या शेपटाच्या मुळाशी हालचाल सुरू झाली.

"हाक मार तिला," पट्टीसर म्हणाले.

पुटपुटीची बोबडी वळली होती. "यू... यू यू," तिनं कशीबशी हाक मारली. परक्या कुत्र्याला मारतात तशी. माझं नाव तिनं घेतलं नाही.

"अशी नको. खाली बस आणि हात पुढे कर."

ती बसली. हात पुढे आला. तोच हात! मित्रांनो, तुम्हाला शेपूट नाही, म्हणून तुम्हाला नाही कळायचं. शिंक आवरता येते, रडू आवरता येतं, पण शेपूट नाही आवरत. मी दात आवळले, उपयोग झाला नाही. ते हलायच्या बेतातच होतं. तेव्हा मी डोळे मिटले आणि मुद्दाम जाळीची गाडी आठवली. तारेचा फास आठवला. पिवळ्याची किंकाळी पुन्हा ऐकली, अगदी शेवटपर्यंत. आयुष्यभर जिच्यापासून पळत आले त्या भीतीला मी स्वतःहून बोलावून घेतलं. ती आली. शेपूट पोटाखाली गेलं आणि तिथंच चिकटून राहिलं. आणि काय सांगू, सांगायला लाज वाटते, पण माझी त्या गालिच्यावरच शू झाली.

"शी शी शी! न्या हिला बाहेर आधी!" रेक्टरबाई खुर्चीवरून उठल्याच.

पट्टीसरांनी नाकाला रुमाल लावला. "ही काही हिला ओळखत नाही," ते म्हणाले. "संपली चौकशी. जा तू."

दोरी ओढली गेली तेव्हा मी एकदाच डोळे उघडले. पुटपुटी तशीच हात पुढे करून बसली होती. तिच्या तोंडावर सुटल्याचा आनंद असायला हवा होता, पण नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. न जाणो, कुणी बघत असेल.

त्यानंतर मामांनी मला फाटकाबाहेर नेऊन सोडलं आणि मी रस्त्यापलीकडच्या गॅरेजातल्या एका मोडक्या गाडीखाली राहू लागले. शिळंपाकं मिळायचं. पुटपुटी फाटकातून येताजाता दिसायची. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. ती समोरून गेली की मी पिवळ्याची किंकाळी आठवायचे. सवयच लावून घेतली. पुढे पुढे तर आठवावंही लागेना. ती दिसली की शेपूट आपोआप पोटाखाली जायचं.

मग एक दिवस ती रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आली. उघडउघड, भर दुपारी, हातात वाडगा! माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, हिला वेड लागलं का? मी पळाले. ती दुसऱ्या दिवशी आली, मी पळाले. ती कितीदा तरी आली. "काजळे, अगं मी आहे. रागावलीस का गं? त्या दिवशी मी तुला ओळखत नाही म्हटलं म्हणून?" असं रडवेल्या आवाजात म्हणायची. वेडी पोर! मी कशाला रागावू? पण फाटकापाशी माणसं उभी होती, बघत होती. मी मोडक्या गाडीखाली आणखी आत सरकायचे.

शेवटी तिचं शिक्षण पूर्ण झालं. तिला न्यायला तिचे बाबा आले. टपावर ट्रंक बांधली. गाडीत बसता बसता ती परत उतरली, माझ्यापासून थोड्या अंतरावर रस्त्यात बसली आणि हात पुढे केला. तिच्यामागे तेच बाबा उभे होते, एक तक्रार आली तर घरी बसवणारे. माझं शेपूट पोटाखालीच राहिलं. ती बराच वेळ बसली. मग उठली आणि बाबांना म्हणाली, "विसरली ती मला."

गाडी गेली. वळणावरून दिसेनाशी झाली. मग मी मोडक्या गाडीखालून बाहेर आले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, आणि माझं शेपूट हललं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम हललं. बघायला तिथं कुणी नव्हतं.

वॉचमनमामा फाटक लावत होते, त्यांना मात्र दिसलं. ते जवळ आले आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं वेडे! मग गेली का नाहीस? ती नोटीस केव्हाच काढली की गं! मनगट मोडलेल्या त्या बाईंनीच भांडून रद्द करायला लावली. कुत्रा झोपला होता, मी खाली बघितलं नाही, असं म्हणाल्या. आता इथं फाटकाशी तुम्हाला खायला घालायची जागासुद्धा दिली आहे. फलकात कागद नाही का लावला?"

कागद लावला होता, मित्रांनो. पण या खेपेला भोंगा वाजला नव्हता. भीती घालताना सगळ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, आणि ती काढताना नुसता एक कागद बदलला. ज्यांना वाचता येत होतं ते मोकळे झाले. मला कुणी सांगितलंच नाही. त्या पोरीला वाटलं मी विसरले, आणि आता तिला तरी कोण सांगणार? या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

तुम्ही मोठे व्हाल. कुणी वर्गावर जाल, कुणी कचेरीत बसाल, नोटिशी काढाल. नियम लागतात, मी काही त्यांच्या विरुद्ध नाही. पण एक विनंती आहे. ज्याला भिववलंत, त्याची भीती काढायलाही तुम्हीच जा. त्याच्यासमोर बसून सांगा आणि एकदा सांगून भागलं नाही तर पुन्हा सांगा.

आणि आता तुमच्यापैकी कुणाच्या तरी दप्तरात पाव आहे. मला मघापासून वास येतोय. बाहेर काढा हवं तर, पण फेकू नका आणि जवळही येऊ नका. तिथंच खाली ठेवा आणि थोडा वेळ माझ्याकडे बघू नका. मी येते. मला जरा उशीर लागेल, पण मी येते.