शनिवारी मावशीकडे जाणारी डिस्क

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच बजावते, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

तळहाताएवढं काळं खोकं, पोटात गरगर फिरणारी चकती, आणि चकतीला जेमतेम न टेकणारी एक सुई. एवढीच मी. माझ्या डब्यावर छापलं होतं, ‘आयुष्यभराच्या आठवणी सुरक्षित’. थापा! ज्याने हे छापलं त्यालाच एकदा टेबलावरून खाली पाडायला हवं होतं.

मला विकत घेतलं कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कारखान्याने. कारखाना कसला, दोनच खोल्या. एकीत थोरले भाऊ प्लास्टिक तापवून पाय घडवायचे, दुसरीत धाकटे भाऊ कॉम्प्युटरवर मापं घ्यायचे. थोरल्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. पूर्वी प्रत्येक माणसाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा मांडणीवर असायचा. कॉम्प्युटर आला आणि धाकट्यांनी तीनशे बारा साचे हातोड्याने फोडून टाकले. का, तर जागा अडते म्हणून! आता तीनशे बारा माणसांचं चालणं एकाच मशीनच्या पोटात होतं.

वहिनी त्याच आठवड्यात दोन डिस्क घेऊन आल्या. मला लाल दोरा बांधला, माझ्या बहिणीला निळा. एकीने कारखान्यात राहायचं, दुसरीने नदीपलीकडे मावशीच्या कपाटात, चादरींच्या घडीत. शनिवारी ताजी प्रत घेतलेली डिस्क मावशीकडे जायची, तिथली परत यायची. दोघी एका छपराखाली मुक्कामाला कधीच नाही. कारखान्यातल्या डिस्कवर रोज प्रत घ्यायची, आणि प्रत झाली की लगेच वायर काढायची. आणि निघण्याआधी “आज कोणाचा पाय?” म्हणत वहिनी माझ्यातली कुठलीही एक फाइल उघडून बघायच्या. मगच मला पिशवीत टाकायच्या.

धाकट्यांना याची भारी गंमत वाटे.

“अहो वहिनी, डिस्क आहे ती, माहेरवाशीण नाही. दर आठवड्याला काय पाठवणी करताय?”

“भावजी, साचे फोडताना हात चालला ना? मग आता तोंड चालवू नका.”

चार वर्षं हे असंच चाललं. तिसऱ्या वर्षी मी मावशीच्या हातून निसटून पडले. तेव्हापासून पोटात मधूनच टक्‌ टक्‌ व्हायचं.

पुढचं मला नंतर कळलं, कारण मी तेव्हा चादरींत झोपले होते. एका मंगळवारी धाकट्यांनी पार्सल आल्याची खोटी मेल उघडली, आणि बघता बघता मशीनमधली प्रत्येक फाइल कुलूपबंद झाली; पैसे दिले तरच उघडू, अशी पडद्यावर धमकी. निळी डिस्कही गेली, कारण ‘रोज कोण काढ-घाल करतंय’ म्हणून धाकट्यांनी ती जोडूनच ठेवली होती. आळस, दुसरं काय!

त्याच वेळी बाकावर पोस्टमनकाका बसले होते. त्यांचा प्लास्टिकचा पाय सकाळीच पायऱ्यांवर तडकला होता. तो पाय बसवायला अकरा खेपा लागल्या होत्या, दर खेपेला कातडी सोलून निघाली होती.

“काय हो, माझा पाय हरवला म्हणता?” ते म्हणाले. “म्हणजे हा दुसऱ्यांदा हरवला.”

कोणी हसलं नाही. मग तेच हळूच म्हणाले, “त्या अकरा खेपा पुन्हा नको हो. आता नाही सोसायचं.”

वहिनी नदीपलीकडे जाऊन मला घेऊन आल्या. धाकटे धावलेच. “द्या, लावतो!”

वहिनींनी त्यांच्या हातावर फटका मारला. “खबरदार! त्या मशीनला लावली तर हीही जाईल. आधी ते पुसून कोरं करा. तोवर शेजारच्या छापखान्यात मशीन मागा.”

छापखान्यात मला जोडलं. चकती फिरली, थांबली. टक्‌. पुन्हा फिरली. टक्‌ टक्‌. धाकटे रडकुंडीला आले होते. मला स्वतःलाच माझा भरवसा नव्हता. शेवटी चकती एकदाची फिरत राहिली, आणि वहिनींनी काहीही उघडायच्या आधी सगळं एका नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग फाइल उघडली. पडद्यावर साचा गोल फिरू लागला.

कुबडी टेकत आलेले पोस्टमनकाका पुढे वाकले. “हाच! ही खालची खाच बघा. माझीच आहे!”

गेली ती फक्त सोमवारी घेतलेली दोन मापं. ती माणसं पुन्हा आली, माप देऊन गेली.

त्या शनिवारी धाकटे म्हणाले, “वहिनी, आजपासून मावशीकडे मी जाईन.”

“जा. पण आधी एक पाय उघडून बघायचा.”

लोक माझं कौतुक करतात. कशाला? मी तर झोपले होते. वहिनींनी मात्र मला हातात घेऊन पुसलं आणि म्हणाल्या, “हिने खूप केलं. आता हिच्यावर भार नको.” माझा दोरा सोडून त्यांनी नव्या डिस्कला बांधला. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. इतकी समजूतदार बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता मी खिडकीत कागदांवर वजन म्हणून पडून असते. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी मरणारच आहे, आणि तुमच्या घरातली डिस्कही मरणार आहे. माझ्या पोटात जे होतं ते जपा, दोन ठिकाणी जपा, आणि ते उघडतंय का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पोस्टमनकाका रोज या खिडकीवरून जातात. एक पाऊल बुटाचं, एक माझ्या ओळखीचं. ते दुसरं पाऊल वाजतं, कारण एका बाईने चार वर्षं चेष्टा ऐकून घेतली आणि एकही शनिवार चुकवला नाही.