प्रयागबाई किनवटला गेल्या ते पाच दिवस

डॉक्टर पांडुरंगराव महिनाअखेर जाणार होते, म्हणून यशवंतचं ऑपरेशन शुक्रवारी, सव्वीस ऑक्टोबरला ठरलं. यशवंत, माझा मुलगा, तेव्हा नऊ महिन्यांचा होता.

साल छप्पन्न. हैदराबाद राज्य मोडून त्याचे तीन वाटे होत होते. एक नोव्हेंबरपासून आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात जाणार होता आणि त्यातला किनवट तालुका निघून मुंबई राज्यात. सरकारी नोकरांचीही वाटणी झाली होती. आमच्या गावच्या दवाखान्यातले मराठी डॉक्टर नांदेडकडे गेले, की त्यांच्या जागी कोण येणार हे कोणालाच माहीत नव्हतं. तेलुगू बोलणारा येईल एवढं मात्र सगळे सांगत.

"नवा आला त त्याले ही गोष्ट काय दुभाष्या लावून सांगू?" हे म्हणाले. यांचं, म्हणजे उद्धवरावांचं, बाजारात किराण्याचं दुकान होतं. "जे करायचं ते पांडुरंगराव हायेत तवर करून घेऊ."

गोष्ट अशी होती. सप्टेंबरच्या शेवटी यशवंतच्या लघवीच्या जागेची कातडी टोकाला लाल झाली आणि सुजली. लघवी करताना तो किंचाळायचा. धार दोऱ्यासारखी यायची. दोनदा ताप आला, एकदा एकशे एकपर्यंत गेला. औषधानं सूज उतरली आणि आठवड्यात पुन्हा आली. डॉक्टरांनी दिव्याखाली पाहिलं, हात धुतले आणि म्हणाले, "कातडी घट्ट आहे. अशी सारखी सुजत राहील. सुंता करून टाकू, म्हणजे कटकट मिटेल. थोडा क्लोरोफॉर्म द्यावा लागेल."

मी हैदराबादला इंटर सायन्सपर्यंत शिकले होते हे त्यांना ठाऊक होतं. ते मला म्हणाले, "तोवर ताप, सूज आणि लघवीला रडतो की नाही, रोज लिहून ठेवा." मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले.

घरी आल्यावर माझ्या सासूबाई, देवकाबाई, पायरीवरच बसल्या. "सुंता? आपल्या घरात? अवं, मग आपुन आन् ते, फरक काय राह्यला?"

"आई, हे दुखणं हाय. धरम नाई," हे म्हणाले.

"तू गप बस. तुले काय कळते?"

सासरे जेवत होते. चंपतराव एरवी जेवताना बोलत नसत. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या टायमाले," ते म्हणाले, "मी भीमपूरहून येत होतो. वाटेवर बंदूकवाल्याईनं थांबवलं. म्या नाव सांगतलं. बापाचं सांगतलं. त्या दिवसात नाव सांगून भागत नव्हतं. धोतर सोडाले लावलं." त्यांनी ताट बाजूला सारलं. "पाह्यलं आन् जाय म्हणे. माह्यापुढं एक गाडीवाला होता. त्याले जाय म्हटलं नाई."

ते उठले, हात धुतले आणि जाताना एवढंच म्हणाले, "पोट्ट्याच्या नशिबात असे दिवस पुन्हा येतीन असं मी म्हणत नाई. पर येणारच नाई असं कोन लिहून देते?"

ऑपरेशनची भीती मला तोपर्यंत क्लोरोफॉर्मपुरती होती. त्या दुपारनंतर ती वाढली. एका बाजूला सूज होती. ती डोळ्यांनी दिसत होती आणि मोजता येत होती. दुसऱ्या बाजूला सासऱ्यांची वाट. ती मोजता येत नव्हती, पण खोटी म्हणता येत नव्हती. रोज सकाळी मी उठून आधी यशवंतचा लंगोट सोडून पाहत असे.

गावात बातमी पोचायला दोन दिवस लागले. पाण्यावर मालनबाईंनी घागर भरता भरता विचारलंच, "काय व रेणुका, पोराले मौलाना करून राह्यले म्हणते तुमी?" बाकीच्या हसल्या. मी घागर उचलून घरी आले.

आता प्रयागबाईंविषयी. गावात जन्मलेली बहुतेक मुलं त्यांच्या हातून न्हालेली होती. सकाळी आठाला त्या येत, मागच्या दारी पाय लांब करून बसत आणि यशवंतला पायांवर घेत. आधी तेल, मग पिठाचा गोळा अंगावर फिरवणं, हातपाय ओढणं, नाक चिमटीत धरून वर काढणं, डोकं दाबून गोल करणं, मग ऊन पाणी. शेजारी पाटावर सासूबाई. ती वेळ भाकऱ्यांची, त्यामुळे मी चुलीपाशी असे. माझ्या कानावर यायचं ते मुलाचं रडणं आणि प्रयागबाईंची बडबड. न्हाताना मूल रडतंच, असं सगळ्या म्हणत. मीही तसंच धरून चालले होते.

दसऱ्याच्या दिवशी प्रयागबाई सोनं द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "देवकाबाई, मी उद्या पोराले न्हाऊ घालून किनवटले जातो. चार-पाच दिवस येत नाई."

"काऊन व? मधातच?"

"माही बहीण तिथं दिली हाय. आता ते परक्या राज्यात चाललं म्हणते. सरहद्द पडली की जाऊ देतीन का नाई, कोनाले मालूम? परवाना मागतीन त मी कुठून आनू? पडाच्या आधी भेटून येतो."

"अवं, लोक त जातीन-येतीन."

"सांगू नोका. निजामाच्या टायमालेबी जकातवाले गठुडं सोडूनच पाहत होते."

सासूबाईंचे गुडघे धरलेले होते. त्यामुळे मंगळवारपासून पाच दिवस यशवंतला मी न्हाऊ घातलं. मला त्या कलेतलं काही येत नव्हतं. तेल लावलं, पाणी घातलं, पुसलं. नाक ओढलं नाही की डोकं दाबलं नाही. सासूबाई पाटावरून म्हणाल्या, "असं गायीले पानी मारल्यावानी नोको मारू." यशवंत पहिल्या दिवशी रडला, दुसऱ्या दिवशी पाणी थोपटत बसला.

रकाने मी डॉक्टरांसाठी भरत होते. सोमवार: सूज बरीच, रडला. मंगळवार: सूज थोडी, रडला. बुधवार: सूज थोडी, रडला नाही. गुरुवार: सूज नाही. शुक्रवार: सूज नाही, धार जाड. शनिवारी लिहिलं, "काही नाही," आणि पेन्सिल हातात धरून मी थोडा वेळ उभी राहिले. औषध तर आधीच्याच आठवड्यात संपलं होतं.

प्रयागबाई शनिवारी संध्याकाळी परतल्या. रविवारी सकाळी त्यांनी यशवंतला न्हाऊ घातलं. दुपारी लंगोट बदलताना त्यावर रक्ताचा ज्वारीच्या दाण्याएवढा डाग होता. संध्याकाळी टोक लाल, सूज बरीच, रडला.

एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत होतं. पण सोमवारी मी भाकऱ्या टाकल्या नाहीत. मागच्या दारी जाऊन प्रयागबाईंच्या समोर बसले.

"आज चुलीले सुट्टी?" त्या म्हणाल्या.

"आज पाहायला बसले."

हात झाले, पाय झाले, नाक झालं. मग त्यांनी तेलाचा थेंब सोडला आणि अंगठा-बोटात धरून कातडी मागे ओढायला घेतली. यशवंत ज्या आवाजात किंचाळला तो मी महिनाभर चुलीपाशी ऐकत आले होते.

मी त्यांचा हात धरला. असा हात मी त्या घरात कोणाचा धरला नव्हता.

"हे काय करता प्रयागबाई?"

"मोकळं करतो ना! ओढलं नाई त चिकटून राह्यते. समद्याच पोट्ट्याईचं करतो मी, जरा जरा."

"जरा जरा?"

त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पाटाच्या कडेवरचा पिठाचा कण नखानं काढत होत्या.

"म्याच सांगतलं तिले," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हणे कातडी घट्ट हाय, कापा लागते. मी म्हणलं, प्रयागा, तू जोर लावून सैल कर, म्हणजे कापाचं काम नाई पडणार." त्यांनी यशवंतकडे पाहिलं. "म्या त त्याले वाचवाले पाहत होतो व."

"ते मला कळतं, आत्याबाई," मी म्हणाले. मला खरंच कळत होतं. सुरुवातीची सूज जरा जरा ओढण्यानं आली असावी, आणि नंतरची त्या सुजेवरच्या उपायानं. आम्ही सगळे मिळून त्याला सुरीकडे ढकलत होतो, आणि त्यात वाईट चिंतणारं कोणी नव्हतं.

तरी शंका होती. न ओढता ते खरंच चिकटून राहत असेल तर? हे कोणाला विचारावं? आमच्या बायका प्रयागबाईंकडेच बोट दाखवणार. अशी आई हवी होती जिच्या मुलांना लहानपणी कोणी हात लावला नाही.

दुपारी मी मागच्या गल्लीत मेहबूबबींकडे गेले. त्या चोळ्या शिवत. त्यांना चार मुलगे, आणि त्यांच्याकडे प्रयागबाई जात नसत. माझ्या लग्नाच्या आधीपासून आमच्या घराशी त्यांचं येणंजाणं होतं. मला पाहताच त्या हसल्या.

"आओ बाई. सुने मैं. बच्चा हमारी बिरादरी में आ रा बोलते! दावत कब है?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "तुमच्या पोराईची सुंता कितव्या वर्षी केली?"

त्यांनी मशीन थांबवलं. "बडे की सात बरस में. दो की पाँच में, साथ में, एकीच खर्चे में. छोटे की छे में."

"आणि त्याच्या आधी? न्हाऊ घालताना कातडी मागं ओढत होता?"

"हाय अल्ला, काय कू? नहलाए, छोड दिए. जिसकू आगे काटनाच है उसकू कौन खींचता?"

"कधी सुजली? लघवीला रडले?"

त्यांनी बोटांवर चारही मुलं आठवून पाहिली. "नै. धाकटा लघवी करते वख्त फुग्गा होता था जरा सा. रोता नै था. बाद में अपने आप ठीक हो गया, सुंता के पहलेच."

चार मुलं, पाच ते सात वर्षं, कोणी हात लावला नाही, कोणी सुजलं नाही. ज्यांच्यासारखं होईल म्हणून घरात भीती होती, त्यांच्याकडूनच मला हे कळलं. निघताना मेहबूबबींनी माझ्या हातावर चिंधीची एक बाहुली ठेवली. "नक्को कटाओ बाई, जरूरत नै तो. हमारा तो हुकूम है. तुमकू कौन बोला?"

मंगळवारी, बुधवारी आणि गुरुवारी सकाळी प्रयागबाईंनी यशवंतला न्हाऊ घातलं. मी समोर बसत होते. त्या ठिकाणी आल्या की त्या रुसल्यासारख्या हात मागे घेत. गुरुवारी दुपारी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मी कॅलेंडरचं पान फाडून दवाखान्यात गेले. हेही बरोबर आले. सासरेही काठी घेऊन निघाले. त्यांना या म्हणून कोणी म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांच्या खोलीत पेट्या बांधून ठेवल्या होत्या. टेबलावर फक्त एक दिवा आणि हात धुण्याचं भांडं राहिलं होतं. त्यांनी पान वाचलं. सोमवारपासून शनिवारपर्यंत, मग 'प्रयागबाई आल्या' असं लिहिलेला रविवार, मग पुन्हा खाली. पान उलटून त्यांनी पुढची बाजूही पाहिली. तिथं देवीचं चित्र होतं.

"प्रयागबाई कोण?"

मी सांगितलं. किनवटचंही सांगितलं. मेहबूबबींच्या चार मुलांचंही.

त्यांनी यशवंतला टेबलावर घेतलं आणि वेळ घेऊन तपासलं. यशवंत त्यांच्या चष्म्याची दांडी धरायला पाहत होता.

"सूज नाही," ते म्हणाले. "लहान मुलाची कातडी आतून चिकटलेलीच असते. नख जसं मांसाला असतं ना, तसं. ती आपोआप सुटते. कोणाची तिसऱ्या वर्षी, कोणाची दहाव्या. ओढली की चिरते, चीर सुजते, सुजली की घट्ट वाटते." त्यांनी चष्मा काढला. "मी सूज पाहिली. ती कशानं येते हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"मग उद्या?" यांनी विचारलं.

"उद्या माझी पुस्तकं बांधायची आहेत. कापण्यासारखं इथं काही नाही. कोणी हात लावायचा नाही, एवढंच औषध."

मागे काठी पडल्याचा आवाज झाला. चंपतराव दाराशी टेकून उभे होते. काठी उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले, तेव्हा हे धावले. पण त्यांना काही झालं नव्हतं. उपरण्यानं तोंड पुसत ते म्हणाले, "डाक्टरसाब, दुकानातून गूळ पाठवतो. नांदेडात असा नाई भेटत."

आम्ही घरी निघालो. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. यांनी लांबूनच 'नाही' असा हात हलवला. त्या आत गेल्या आणि मला स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज ऐकू आला. त्या रात्री पुरण झालं. कोणत्या सणाचं, असं कोणी विचारलं नाही.

एक नोव्हेंबरला कचेरीवर झेंडावंदन झालं, मुलांना पेढे वाटले. आम्ही आंध्र प्रदेशात गेलो. मागच्या दारी ऊन तसंच होतं. प्रयागबाईंनी यशवंतला पायांवर घेतलं, तेल लावलं, नाक ओढलं. मग दोन्ही हात वर केले, पोलिसानं सांगितल्यासारखे.

"पाह्यलं? हात नाई लावला. लिहून घे तुह्या कागदावर."

मी हसले, सासूबाईही हसल्या. तेवढ्यात यशवंतनं धार सोडली. जाड, सरळ, प्रयागबाईंच्या खांद्यावरून पलीकडच्या तुळशीपर्यंत. तो रडला नाही. आपण काय केलं ते तो डोळे मोठे करून पाहत होता.

"अगं बाई!" प्रयागबाई ओरडल्या. "ही त किनवटले पोचली! परवानाबी नाई, काई नाई!"

ओसरीवरून चंपतरावांनी विचारलं, "काय झालं व?"

"काई नाई," सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "पोट्ट्यानं प्रयागेले न्हाऊ घातलं."