मागून आलेला आवाज

सोळाव्या वर्षी त्याच्या डोक्यात आवाज सुरू झाले, आणि एकेचाळिसावं लागलं तरी त्यांनी बिऱ्हाड हलवलं नव्हतं. गोळ्यांनी ते दबकून असत, एवढंच. त्या बदल्यात पाय मात्र सारखे चुळबुळत. म्हणून पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तो उभ्यानेच काम करायचा, या पायावरून त्या पायावर झुलत.

मागून हाक आली, की आधी समोरच्या कटिंगवाल्या काकांकडे बघायचं, हा त्याचा नियम. काकांनी मान वळवली तर हाक खरी; नाहीतर बसा म्हणावं बोंबलत.

आज काका रजेवर होते. खोलीत तो एकटाच, आणि नेमका मागून मालकांचा आवाज आला, "अरे, उद्यापासून शिलाईचं टेबल तू सांभाळ."

त्याने खळीचा ब्रश सोडला नाही. पाय जास्तच नाचू लागले. वळावं आणि मागे कुणी नसावं, तर आवाज दिवसभर खिदळणार. न वळावं, तर नोकरीवर गदा.

"बहिरा झालास काय रे? बारा वर्षांत तुझं एक पुस्तक उसवून परत आलं नाही. तुझ्यासारखा हात नाही इथे कुणाचा!"

तो गर्रकन वळला. मालक खरंच दारात उभे होते, कपाळाला आठ्या घालून.

"ऐकू येतंय की! मग आधी का नाही वळलास?"

"तुम्हीच आहात याची खात्री नव्हती, मालक," तो म्हणाला. "पण माझ्या डोक्यातल्या मेल्यांनी पंचवीस वर्षांत मला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही."