हिरवळीखालचा तलाव

मित्रांनो, तुम्ही डबे उघडून ज्या हिरवळीवर बसला आहात, तिच्याखाली मी आहे. मी एक जुना पोहण्याचा तलाव आहे. वर गवत असल्यामुळे ओळख पटत नाही, हे मी समजू शकतो.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या लोरिंग्टन गावाने मला मोठ्या हौसेने बांधलं. निळ्या फरशा, उथळ बाजू, खोल बाजू, उडी मारायची फळी. उद्घाटनाला बँड वाजला. फाटकावर पाटी लागली: 'फक्त गोऱ्यांसाठी'. मी नवा होतो. मला वाटलं, माझं नावच ते असावं.

ओले टॉवेल धुण्याचं काम ओडेसा टिलमन या काळ्या बाईकडे होतं. तिला काठावर यायची मुभा होती, पाण्यात बोट बुडवायची नव्हती. एकदा नगराध्यक्षांचा लहानगा हॉइट काठावरून घसरला आणि गटांगळ्या खाऊ लागला. मंडळी आइस्क्रीम खात होती. ओडेसाला पोहता येत नव्हतं. ती कपड्यांसकट गळाभर पाण्यात चालत गेली आणि त्याला उचलून घेऊन आली.

गावाने तिचं फार कौतुक केलं. मग माझं सगळं पाणी सोडून दिलं, कारण ती त्यात उतरली होती. फरशा घासायचं काम अर्थातच तिला दिलं.

पुढे ओडेसाचा मुलगा नदीत बुडाला. काळ्या मुलांना पोहायला तेवढी नदीच मोकळी होती. उरली धाकटी वर्लीन. हिला पोहायला शिकवायचं, एवढंच ओडेसाने मनात धरलं होतं. दिवस साठ सालानंतरचे. गावोगावी काळ्यांचे मोर्चे निघत होते, मोर्च्यांवर पोलिसांचे कुत्रे सुटत होते. अशात कोर्टाने निकाल दिला, की तलाव सगळ्यांना खुला करा.

हंगामाच्या पहिल्या सकाळी ओडेसा लेकीला घेऊन आली. पोरीच्या अंगात आईने शिवलेला पिवळा पोहण्याचा पोशाख होता. फाटकावरची पाटी काढलेली होती. आत मातीचे ट्रक उभे होते आणि ट्रकांपुढे हॉइट. आता तो नगरपरिषदेचा सभासद झाला होता.

"ये ओडेसा," तो म्हणाला. "कोर्टाचा मान राखतोय आम्ही. आजपासून भेदभाव बंद. कुणीच पोहायचं नाही."

"हॉइटसाहेब, मागच्यासारखं पाणी बदललं असतं तरी चाललं असतं. मी फरशा घासून दिल्या असत्या."

"रोज रोज कोण बदलत बसणार गं?"

"आई, मग मी कशात पोहू?" वर्लीनने विचारलं.

"नदी आहे की," हॉइट प्रेमाने म्हणाला. "तिथे तुला कुणी अडवलंय?"

पहिला ट्रक माझ्या खोल बाजूला रिकामा झाला.

त्या उन्हाळ्यात गोरी मुलंही नदीवर जाऊ लागली. त्यांना पोहायला मी शिकवलं होतं. वर्लीन त्यांचं बघून पाण्यात उतरली. संध्याकाळी ती खालच्या वळणावर सापडली. पिवळा रंग लांबून दिसतो, म्हणून लवकर सापडली, असं लोक इथे बसून बोलत होते.

माझ्यावर गवत रुजलं, तेव्हा ओडेसा येऊन माझ्या काठावर बसली. काठ कुठे होता, हे तिला न बघता कळतं. तिने तो घासला आहे. हॉइट गवत तपासायला आला होता. त्याने टोपी काढली.

"वाईट झालं, ओडेसा. पण पोरीला वेळेवर पोहायला शिकवायला हवं होतंस."

"हो साहेब," ओडेसा म्हणाली. "घेऊन आले होते तिला. तुम्ही भेटला होतात."

हॉइटने टोपी घातली आणि गवताला पाणी घालायला सांगितलं.

मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. हिरवळीवर कागद टाकू नका. सार्वजनिक वस्तू जपा, त्यांत माती फार लवकर पडते. आणि तिकडे एक म्हातारी बूट काढून, पाय पुढे सोडून बसलेली दिसेल. तिच्या पुढ्यात धावू नका. तिथे पाणी खोल आहे.