स्वस्त केंद्राची रांग

आमचं आरोग्य केंद्र महाग आहे, असा निकाल तपासनीस साहेबांनी आमच्याच खुर्चीत बसून, आमचाच चहा पीत दिला.

"एका पेशंटमागे तुमचा खर्च शेजारच्या केंद्राच्या तिप्पट येतो, डॉक्टर."

एकूण खर्च दोन्ही केंद्रांचा सारखाच होता, फक्त आमच्याकडे पेशंट कमी. आमच्या सिस्टरने गावकऱ्यांच्या मागे हात धुऊन लागून विहीर साफ करून घेतली, तेव्हापासून जुलाबाचा माणूस फिरकतच नाही. हे मी सांगितलं, तर साहेब म्हणाले, जो आलाच नाही तो पेशंट हिशेबात धरता येत नाही. "शेजारी बघा, कशी फाटकापर्यंत रांग असते."

ती रांग ते डोळे भरून बघायला गेले आणि भर उन्हात तिथलंच पाणी पोटभर प्यायले.

दुसऱ्या दिवशी साहेब पोट धरून आमच्या दारात. सिस्टरने सलाइन लावता लावता त्यांना दिलासा दिला, "तुमच्यामुळे आज आमचा खर्च जरा उतरला बघा."

मी विचारलं, "साहेब, त्या स्वस्त केंद्रातच का नाही थांबलात?"

साहेब भिंतीकडे तोंड करून कण्हले, "तिथं फार रांग आहे हो."