भटक्याचे न ऐकलेले मेसेज

हे लिहिणार नव्हतोच. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. स्वतःचा कोतेपणा कोण स्वतःच्या हाताने मांडून ठेवतं? पण आता बसलोच आहे तर लिहून टाकतो.

मी एसी-फ्रीज दुरुस्त करतो. कुठे शिकलो नाही. उघडत गेलो, बिघडवत गेलो, येत गेलं. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. लग्नाला दहा महिने झाले. परदेशात फिरायला यायची दोघांचीही पहिलीच वेळ. शहर बंदराचं, कॅलेंडरवर फोटो असतात तसलं.

आता भटक्या. माझा पहिलीपासूनचा मित्र, जहाजावर खानसामा. या बंदरात नऊ-दहा वेळा उतरलेला. मला कामातून मान वर करायला फुरसत नव्हती, म्हणून मीच त्याला म्हटलं होतं, "हिला जरा सांग रे, काय काय बघायचं ते." त्याने सांगितलं. व्हॉइस मेसेज करून. जहाजावर रेंज मिळेल तसे एकेक येत गेले. वर अट घातली, "वहिनी, एक मेसेज ऐकायचा, शेवटी मी पुढची जागा सांगीन, तिथे पोचल्यावरच पुढचा ऐकायचा. आधी ऐकाल तर गंमत जाईल."

बायको नियमाची पक्की. एकही आधी ऐकला नाही.

सकाळी निघालो. इअरफोनचा एक कान तिने मला दिला होता, खोटं कशाला बोलू. मीच काढून टाकला. म्हटलं, रस्त्यावर गाड्या आहेत, लक्ष पाहिजे. मग तिने दोन्ही कानांत घातले.

घड्याळाच्या मनोऱ्याखाली ती एकदम हसायला लागली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत.

"काय झालं?"

"भाऊजी म्हणतायत, हे घड्याळ पंचवीस मिनिटं मागे आहे, तुमच्या नवऱ्याने दुरुस्त केलं असणार."

मी पण हसलो. म्हणजे दात दाखवले. माझ्या विनोदावर ती "हं" म्हणते. फार तर "हो का."

मग दिवसभर तेच. "भाऊजी म्हणतायत या जिन्याने नको, मागच्या बाजूने चढा." मागून चढलो तर सगळं बंदर पायाखाली, क्रेन, जहाजं, सगळं. "भाऊजी म्हणतायत डावीकडच्या बाकावर बसा, वारा लागतो." वारा लागला. हा माणूस एकदाही चुकेना. शाळेत सात दुणे विचारले की छताकडे बघायचा तो.

"किती बारीक लक्ष आहे ना भाऊजींचं," ती म्हणाली.

"खानसाम्याला काय, मोकळा वेळ असतो."

"तू आलास तेव्हापासून बाहेर लावलेले एसी मोजतोयस."

ते खरं होतं. एकोणचाळीस झाले होते. पण ती वेगळी गोष्ट.

सहावा मेसेज एका चित्रांच्या दुकानासमोर संपला. "म्हणाले, आता धक्क्यावर जा, पुढचा तिथे ऐका. थांब, मी हात धुऊन येते." पर्स आणि फोन माझ्या हातात देऊन ती गेली.

फोनच्या कुलपाचे आकडे मला माहीत आहेत. तिने कधी काही लपवलं नाही. उघडला. न ऐकलेले पाच होते. दीड मिनिट, चाळीस सेकंद, असे. शेवटचा चार मिनिटांचा. चार मिनिटं काय बोलतो हा माझ्या बायकोशी?

ऐकायचा धीर झाला नाही. पाचही निवडले आणि पुसून टाकले. गॅस भरून झाल्यावर व्हॉल्व बंद करतो तसं केलं.

धक्क्यावर पोचल्यावर तिने फोन वरखाली केला. "पुढचा नाहीये रे. मी मुद्दाम खाली बघितलंच नव्हतं. पाठवला नाही वाटतं."

"राहिला असेल. सोड. चल, मी नेतो." समोर पलीकडच्या किनाऱ्याची बोट लागली होती. तिचा हात धरून चढवलं.

तो दीड तास माझा होता. पलीकडे जहाजं रंगवायचा तळ होता, माणसं दोरांवर लटकून गंज खरवडत होती. एका मासळीच्या गोदामापाशी मी तिला थांबवलं. "ऐक. कॉम्प्रेसरचं बेअरिंग गेलंय. आठवडाभरात बंद पडेल." तिने खरंच कान देऊन ऐकलं. "दात खाल्ल्यासारखं वाजतंय," म्हणाली. मी राजा.

पलीकडच्या धक्क्यावर परत आलो तर तिकिटाची खिडकी बंद. फळीवर लिहिलेलं, आज शेवटची बोट साडेचारची. पाच वाजले होते. एक झाडूवाला होता, त्याने हाताने मोठा अर्धगोल काढून दाखवला. म्हणजे बसने खाडीला वळसा घालून जा. अडीच तास.

तिने फळी परत एकदा वाचली. मग म्हणाली, "भाऊजींवर इतका भरवसा ठेवला. हे तरी सांगायचं."

आणि मला बरं वाटलं. हे वाक्य मी दोनदा पुसलं होतं. भटक्या एकदाचा चुकला म्हणून मला आतून गारेगार वाटलं.

तिने त्याला फोन लावला, स्पीकरवर. "भाऊजी, सातवा मेसेज पाठवलाच नाहीत. बोट चुकली आमची. असं अर्धवट करायचं होतं तर करायचंच नव्हतं."

"वहिनी, मी तर..." मग तो थांबला. "शेजारी आहे का तो?"

"आहे ना."

"राहिलेच असतील हो. रेंजचा घोळ. चूक माझीच. माफ करा."

फोन ठेवला. बस आली. चार थांबे मी खिडकीबाहेर बघत बसलो. पाचव्याला सांगितलं.

"मी पुसले. पाच."

"कशाला?"

"तू हसत होतीस."

तिने इअरफोनची वायर बोटांना गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "मी त्यांना काय काय बोलले आत्ता. आणि तू शेजारी बसून ऐकत होतास."

"हो."

"जळलास ते एक वेळ समजू शकते. हे नाही." ती उठली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. तिथून मान न वळवता म्हणाली, "त्यांना फोन कर. आत्ता. मला ऐकू येईल असा."

केला.

"मीच पुसले रे."

"कळलं होतं," भटक्या म्हणाला. मागे भांडी आपटत होती. "सातव्यात बोटीची वेळ होती, गाढवा."

"आणि शेवटचा? चार मिनिटांचा?"

"धक्क्यावरून हॉटेलला चालत जायचा रस्ता. अकरा वळणं आहेत, चार मिनिटं लागणारच."

तो म्हणाला, "आपली पंचवीस वर्षांची ओळख. थेट शिव्या द्यायच्या ना मला. तिच्या दिवसाची माती कशाला केलीस?"

"चुकलं."

"चुकलं राहू दे. पुढच्या वेळी काय करशील ते कबूल कर."

पुढच्या सीटवरचं डोकं हललं नाही, पण ऐकत होतं.

"कबूल," मी म्हटलं. "पुढच्या वेळी जळलो तर पहिला फोन तुला करीन. तिच्या फोनला हात लावायच्या आधी. तू पातेल्यात पळी घालून उभा असलास तरी करीन, आणि तोंडावर सांगीन की भटक्या, मी जळतोय."